जॉर्जिनाचा पायगुण: ही बातमी लिहू का नको?

रातपाळीवाला

रामराम मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा औसा तालुक्यातला, सध्या संभाजीनगरात एका न्यूज पोर्टलला कॉन्ट्रॅक्टवर आहे. नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो. रात्री दहा ते सकाळी सहा. गावाकडं लोकांना वाटतं पोरगं पत्रकार झालं म्हणजे माईक घेऊन पुढाऱ्यांच्या मागं पळत असंल, इथं आम्ही इंग्लिश साइटी उघडतो, भाषांतराच्या खिडकीत टाकतो, जे काही मराठी पडंल ते सरळ करतो, फोटो लावतो आन सोडून देतो. एका शिफ्टला बारा बातम्या पाडायच्या. त्यातल्या दोन-तीन तरी फुटबॉलच्या असतात, आन फुटबॉलच्या म्हणजे गोलच्या नाही, बायकांच्या. रोनाल्डोनं गोल मारला तर शंभर लोक वाचतात, त्याच्यासंगं राहणाऱ्या जॉर्जिनानं पर्स बदलली की आकडा कुठल्या कुठं जातो. हे मी स्वतः डॅशबोर्डवर रोज बघतो म्हणून सांगायलोय.

आता मुद्दा. काल रात्री आमचे साहेब म्हणाले, एक झकास कल्पना हाय, "जॉर्जिना आयुष्यात आल्यापासून रोनाल्डोला लागलं ग्रहण" असं काहीतरी कर. २०२२ ला लेकरू गेलं, त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेड सुटलं, वर्ल्डकपला बेंचवर बसावं लागलं, मग सौदीला जावं लागलं. एकाखाली एक लिहायचं आन शेवटी प्रश्नचिन्ह टाकायचं. प्रश्नचिन्ह असलं की आपण काही म्हणलो नाही असं होतं म्हणे. मी म्हणलो सर हे पायगुणाचं झालं की. ते म्हणले हाव, तोच शब्द हेडिंगात घे, आपल्या लोकांना भिडतो.

मी काही लई तत्त्वाचा माणूस नाही. मागच्या ऑगस्टमधे... म्हणजे २०२५ च्या, तिनं अंगठीचा फोटो टाकला तेव्हा मीच एका रात्रीत चार बातम्या पाडल्या होत्या. खाली स्पॅनिशमधे लिहिलं होतं, हो, मला मान्य हाय, या जन्मात आन माझ्या सगळ्या जन्मांत. मी हेडिंग दिलं "जॉर्जिनाची वटपौर्णिमा". लई चाललं ते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणली पाच लेकरं हायत आन आता कुठं साखरपुडा, बरं हाय बाबा, पण हसती गोड. बाप मागून ओरडला, लगीन कामून लांबवलं म्हणावं त्याला इचार.

पण हे पायगुणाचं लिहायला हात होईना. शुक्रवारपर्यंत द्यायचंय. लिहू का नको? आन नाही म्हणायचं तर कसं म्हणू, की नोकरी पण ऱ्हायली पाहिजे.

मेस्सी_भक्त_जालना

म्हणून म्हणतो मेस्सी बघा. एकच पोरगी, रोसारिओतली, लहानपणापासूनची ओळख, ३० जून २०१७ ला गावातच लग्न, तीन पोरं. ना लफडं ना ग्रहण. विषय संपला.

रातपाळीवाला

भौ विषय मेस्सी का रोनाल्डो हा नाहीच. आन मेस्सीच्या लग्नाला पण जगभरचे पत्रकार रोसारिओत तळ ठोकून होते की. फरक एवढाच की तिथं त्यांना काही सापडलं नाही.

निवृत्त_उपसंपादक

मी नांदेडला पेपरात २६ वर्षं डेस्कवर काढली, त्यातली निम्मी खेळाच्या पानावर. बाळा, तुझ्या साहेबांची कल्पना झकास असेल पण नवी अजिबात नाही. नीट ऐक, तुला उपयोगी पडेल.

२०१० चा वर्ल्डकप, दक्षिण आफ्रिका. १६ जूनला डर्बनला स्पेन पहिल्याच मॅचला स्वित्झर्लंडकडून १-० हरलं. स्पेन म्हणजे तेव्हा युरोपचा चॅम्पियन, कोणाच्या स्वप्नात पण नव्हतं. कॅप्टन आणि गोलकीपर इकेर कासियास. त्याची मैत्रीण सारा कार्बोनेरो, टीव्हीची पत्रकार, ती तिच्या चॅनेलसाठी ड्यूटीवर मैदानाच्या कडेला उभी होती. स्वतःचं काम करत होती. दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या पेपरांनी काय छापलं, तर तिच्याकडं बघण्याच्या नादात त्याचं लक्ष उडालं. बचाव करणारे घसरले, रिबाउंड पडला, गर्दीतून गोल झाला, ते सगळं राहिलं बाजूला आणि दोष कोणाचा तर गोलच्या मागं उभ्या असलेल्या बाईचा. ही बातमी आमच्या टेबलावर एजन्सीकडून आली आणि खोटं कशाला बोलू, मी ती तीन कॉलम लावली. फोटो चांगला होता.

मग स्पेन एकही मॅच हरलं नाही. ११ जुलैला फायनल, इनिएस्ताचा ११६ व्या मिनिटाला गोल, कप हातात. आणि ड्रेसिंग रूमजवळ सारा माईक धरून त्याची मुलाखत घेत होती, तो घरच्यांचे आभार मानता मानता भरून आला आणि कॅमेऱ्यासमोर तिचा मुका घेऊन निघून गेला. ती बिचारी लाजून "बाई गं" म्हणल्यासारखं काहीतरी पुटपुटली. तो फोटो पण आम्ही लावला, पण त्याखाली "हिच्यामुळे जिंकले" असं काही कोणी लिहिलं नाही. मी सुद्धा नाही. हरले तर तिचा पायगुण, जिंकले तर त्याचे हात. तेवढ्या वर्षांत मला स्वतःची लाज वाटली अशा दोन-चार बातम्या आहेत, त्यातली ही एक.

बीडचा_गोलकीपर

काका कशाला स्पेनला जाता, आपल्याकडंच बघा ना. २६ मार्च २०१५, सिडनी, वर्ल्डकप सेमीफायनल, कोहली १३ बॉलमधे १ रन. अनुष्का स्टँडमधे बसली होती. आमच्या हॉस्टेलच्या टीव्हीरूममधे पहिली शिवी तिला गेली, त्याला आऊट करणाऱ्या जॉन्सनला नाही. आमच्यात एक जण तर तिच्या फोटोला काळं फासून आला. वर्षभरानी मोहालीत कोहलीनं ८२ मारून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं, आन लोकांनी परत तिच्याच नावानं जोक सुरू केले तवा त्यानं जाहीर लिहिलं की लाज वाटली पाहिजे तुम्हाला. आम्ही सगळ्यांनी ते लाइक केलं. काळं फासणाऱ्यानं पण केलं.

रोकडा_हिशोब

सगळे एकदम साधू झालात. एक सांगा, हे लोक स्वतःच विकतात की नाही? जॉर्जिनाची नेटफ्लिक्सवर सिरीज आहे, स्वतःच्या आयुष्यावर, जानेवारी २०२२ ला आली. त्यात तीच सांगते की दुकानात कामाला बसनं यायचे आन घरी जाताना बुगाटी गाडी न्यायला यायची. इंग्लंडचा फुटबॉलर बेकहॅमनं १९९९ ला लग्न केलं तर फोटोचे हक्क एका मासिकाला दहा लाख पौंडाला दिले होते. मग जे दुकानात मांडलंय त्याचा भाव केला तर गिऱ्हाइकाची काय चूक? लेखकमहाशय, बिनधास्त लिहा, पगार घ्या.

निवृत्त_उपसंपादक

@रोकडा_हिशोब, अर्धं पटलं. बेकहॅमचा करार खरा आहे आणि त्या लग्नाला सिंहासनं मांडली होती हे पण खरं आहे. पण दुकानात मांडलेलं आणि आतल्या खोलीतलं यात फरक असतो. इंग्लंडमधे तर पेपरवाले फोनमधे घुसायचे, लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकायचे. नट, राजघराणं, खेळाडू, कोणी सोडलं नाही. मग खून झालेल्या एका शाळकरी पोरीचा फोन पण ऐकला होता हे बाहेर आलं आणि १६८ वर्षांचं न्यूज ऑफ द वर्ल्ड जुलै २०११ मधे बंद करावं लागलं. खप कमी म्हणून नाही, शरमेनं.

त्याच्याच दोन महिने आधीची गंमत सांगतो. मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जनं कोर्टातून आदेश आणला होता की माझ्या प्रकरणात माझं नाव छापायचं नाही. पेपर गप्प. पण ट्विटरवर हजारो लोकांनी नाव टाकून दिलं. स्कॉटलंडच्या एका पेपरनं पहिल्या पानावर त्याचा फोटो छापला, डोळ्यांवर काळी पट्टी मारून, जसं काय शेंबडं पोर पण ओळखणार नाही. शेवटी २३ मे ला एक खासदार संसदेत उभा राहिला आणि नाव घेऊन मोकळा झाला. आमच्या डेस्कवर त्या दिवशी मोठी चर्चा, छापायचं का नाही, आपल्याला कुठं इंग्लंडचा आदेश लागू आहे. छापलं. नांदेडमधे किती जणांना गिग्ज माहीत होता ते सोडा.

उदगीर_रियाध

सलाम सगळ्यांना. मी रियाधला एसी मेंटेनन्समधे आहे, नऊ वर्षं झाली. रोनाल्डो इथं आला जानेवारी २०२३ ला. पहिल्याच प्रेस कॉन्फरन्सला चुकून म्हणला दक्षिण आफ्रिकेत आलोय, कॅम्पात आम्ही पोट धरून हसलो. त्या आठवड्यात युरोपच्या पेपरांत एकच बातमी, लग्न नसताना हे दोघं सौदीत एका घरात कसे राहणार, इथला कायदा असा आन तसा. आमच्या बंगाली कुकनं मला इचारलं, भाई, पोलीस पकडेंगे क्या. मी म्हणलं अरे तो रोनाल्डो हाय, तू तुझी डाळ बघ.

काही झालं नाही, ती इथं मॉलमधे फिरती, लेकरं शाळेत जातात. आन मी माझ्या बायकोला तीन महिन्यांसाठी आणायचं म्हणलं तर निकाहनामा, त्याचं इंग्लिश, त्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का, उदगीरहून मुंबईला भावाच्या तीन खेपा. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, पण जॉर्जिनाच्या नावाची बातमी आली की मला पहिलं ते शिक्केच आठवतात.

पायगुणाचं म्हणाल तर इथं आल्यावर त्याचा पगार बघा की. असलं ग्रहण अल्लाह सगळ्यांना लावो.

मेस्सी_भक्त_जालना

😂😂 हे भारी होतं

लातूरची_सून

मी इथं फक्त रेसिपीच्या धाग्यावर असते, फुटबॉलमधलं मला ऑफसाइड पण कळत नाही, नवरा बघतो म्हणून नावं माहीत आहेत. पण "पायगुण" शब्द वाचला आणि थांबले.

माझं लग्न फेब्रुवारी २०१६ ला झालं. लातूरच्या लोकांना ते साल सांगायची गरज नाही. घरात आले तेव्हा बोअरला पाणी होतं, पंधरा-वीस मिनिटं मोटर चालायची. मार्चमधे नुसती हवा यायला लागली. नळ तर कधीच गेला होता. एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या दिवशी दहा डबे, पाच लाख लिटर, लोक स्टेशनवर बघायला गेले होते, टीव्हीवाले आले होते. आमच्या गल्लीत टँकर आला की मी दोन घागरी घेऊन लायनीत, हातातला हिरवा चुडा पण उतरला नव्हता. आणि मागं उभ्या असलेल्या बायकांत सासूबाई बोलत होत्या, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात, "पांढऱ्या पायाची आली, बोअर घेऊन गेली."

धरण रिकामं होतं. दोन-तीन वर्षं पाऊस नव्हता. जिल्हाभर ऊस लावला होता. पण बोअर मी आटवला.

त्या जूननंतर पाऊस चांगला झाला, सप्टेंबरात तर नद्यांना पूर आले, मांजरा धरण भरलं. तेव्हा कोणी म्हणलं नाही की सुनेच्या पायगुणानं धरण भरलं. मी वाट बघत होते, खरंच. एकदा तरी म्हणतील असं वाटत होतं.

दादा, तुम्ही काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, घर तुम्हाला चालवायचंय. पण ते कुठं जाऊन पोचतं ते सांगितलं. ते जॉर्जिनापर्यंत नाही पोचत, तिला मराठी येत नाही.

बीडचा_गोलकीपर

ताई 🙏

रातपाळीवाला

ताई, तुमची कमेंट दोनदा वाचली. आमच्या चुलतीला पण गावात हेच म्हणायचे, ती आली त्या वर्षी बैल मेला होता. ती आता नाही.

@रोकडा_हिशोब तुमचं पण खोटं नाही, सिरीज तिनं स्वतः केली. पण त्या एप्रिलचं बघा. १८ एप्रिल २०२२, जुळ्यातला मुलगा गेला, मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलशी मॅच होती, तो आला नाही. लिव्हरपूल म्हणजे युनायटेडचे पिढीजात वैरी. तर सातव्या मिनिटाला, त्याची जर्सी ७ म्हणून, सगळं ॲनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूलचं मैदान, उभं राहून मिनिटभर टाळ्या वाजवत होतं आन त्यांचं स्वतःचं गाणं त्याच्यासाठी म्हणत होतं. मी ते लाइव्ह बघितलंय रात्री पाऊण वाजता, रूमवरचे तिघं गप्प होतो. चार दिवसांनी आर्सेनलविरुद्ध गोल केला, प्रीमियर लीगमधला शंभरावा, आन एक हात वर आभाळाकडं केला, बाकी काही नाही, त्याची नेहमीची उडी नाही काही नाही. आता ते लेकरू मी "ग्रहण" म्हणून पहिल्या नंबरला टाकू? मेलेलं लेकरू?

रोकडा_हिशोब

ते नको टाकू. ते मी पण म्हणणार नाही.

निवृत्त_उपसंपादक

हे बघ, साहेबांना नाही म्हणू नको. नाही म्हणलं की ते दुसऱ्याकडून लिहून घेतात, हा माझा २६ वर्षांचा अनुभव. पायगुण शब्द घे आणि त्याचाच हिशोब मांड. ती दोघं भेटली २०१६ ला, माद्रिदच्या गुचीच्या दुकानात, ती तिथं सेल्सगर्ल. तिथून पुढं त्याला काय काय मिळालं ते काढ.

रातपाळीवाला

काढलं सर, काल रात्री चहाच्या वेळेत. २०१६ आन २०१७ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी फुटबॉलरचं बक्षीस. २०१७ ला कार्डिफला चॅम्पियन्स लीग, फायनलमधे दोन गोल. २०१८ ला कीव्हला परत तीच. युव्हेंटसमधे लागोपाठ दोन लीग. पोर्तुगालकडून २०१९ चा नेशन्स लीग, आन २०२५ ला चाळिशीत परत, स्पेनला पेनल्टीवर हरवून, फायनलमधे गोल पण केला. पायगुण असलाच तर तो असा पाहिजे, मला पण एखादी बघा म्हणावं आईला.

आन शोधताना अजून एक सापडलं. इरिना शायक, तिच्या आधीची, २०१० पासून पाच वर्षं होती. जानेवारी २०१५ ला मोडलं तेव्हा पेपरांत काय तर म्हणे तिचं त्याच्या आईशी पटत नव्हतं. तिच्या माणसांनी खुलासा केला की असं काही नव्हतं, त्याच्या घरच्यांचा संबंध नाही. पण आपल्या बातमीत काय ऱ्हायलं, सासू-सून. रशियाची मॉडेल, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची सासू, आन भांडण मात्र औशातलं.

उदगीर_रियाध

औशातलं नको म्हणू, आमच्या उदगीरला पण चालतं 😀

रातपाळीवाला

अपडेट, शनिवार पहाट. बातमी लावली. मी हेडिंग दिलं होतं "पायगुणाचा हिशोब: जॉर्जिना आल्यापासून रोनाल्डोनं काय काय जिंकलं". लेकराचा उल्लेख केला नाही. ताई, तुमचं नाव-गाव काही न घेता शेवटी एक ओळ टाकली, की दुष्काळात आलेल्या सुनांना पण आपल्याकडं हेच ऐकावं लागतं. साहेबांनी मजकूर वाचला का नाही देव जाणे, कॉमा पण हलवला नाही, पण हेडिंग बदलून टाकलं. आता वर हाय "जॉर्जिनाचा पायगुण रोनाल्डोला भोवला? सत्य वाचून बसेल धक्का". आत एक आन वर एक. चाललीय मात्र जोरात.

आईला लिंक पाठवली होती. म्हणली हेडिंग वाचलं बाबा, बिचारी, पोरीच्या नशिबाला काय काय. मी म्हणलं आई खाली वाच की. तर म्हणली खाली गेलं की जाहिराती येऊ लालेत, नेट संपतं.

लातूरची_सून

दादा, लिंक इथं टाका. सासूबाईंना पण मागच्या दिवाळीला मोबाईल घेतलाय, दिवसभर त्याच्यातच असतात. पाठवते.

रातपाळीवाला

टाकतो ताई. पण तुम्ही लिंक नका पाठवू, स्क्रीनशॉट पाठवा. आन वरचं हेडिंग कापून.